मामांच्या स्टुडिओतलं जुनं सामान : विकावं, ठेवावं की वापरावं?

गिरणगावकर | सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय.

प्रभादेवीला एका जुन्या इमारतीत पोटमाळ्यावर माझ्या थोरल्या मामांचा छोटासा स्टुडिओ होता. आरत्या-भजनांच्या कॅसेट, रेडिओच्या जाहिराती, नाटकांचं पार्श्वसंगीत अशी कामं चालायची. कॅसेटचा धंदा बसला तसा मामांनीही गाशा गुंडाळला. तेव्हापासून कुलूप. आता इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि दिवाळीच्या आत जागा रिकामी करून द्यायचीय. मामा डोंबिवलीला मुलाकडे असतात, गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तुला काय करायचं ते कर, फक्त मला तिथे नेऊ नकोस."

परवा कुलूप काढलं. भिंतीवरचं गोणपाट सुटलंय आणि मागचं ग्लासवूल लोंबतंय. पण एका लाकडी पेटीत माईक निघाला, त्यावर न्यूमन आणि यू ८७ असं लिहिलंय. टेबलावर रेव्हॉक्स बी ७७ हे स्पूलचं, म्हणजे मोठ्या चकत्यांवरची टेप वाजवायचं मशीन. खाली एक बिननावाचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) अॅम्प्लिफायर, उचलताना कंबर धरली इतका जड. आणि टेबलाखाली ढीगभर स्पूल. खोक्यांवर मामांच्या अक्षरात 'चहा, ३० से., टेक ४ ओके', 'काकड आरती, बाजू २' वगैरे.

चोरबाजारातल्या एकाला फोटो पाठवले. त्याने सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला, टेम्पो त्याचा. वर म्हणाला, "टेप का कचरा आप ही फेंक देना साहब, उसको कोई नहीं पूछता."

तर हा माईक खरंच किमती असतो का? मशीन लावून बघू का? आणि हे सगळं विकावं, ठेवावं की कोणी वापरणारं शोधावं?

शेंगदाणा | सोमवार, रात्री ९:५०

लोकांच्या पोटमाळ्यावर न्यूमन निघतो. आमच्याकडे तांब्याचा बंब आणि दोन गाद्या.

अर्धवट | सोमवार, रात्री १०:०३

व्यनि (खासगी निरोप) केलाय. प्लीज बघा.

शेंगदाणा | सोमवार, रात्री १०:०५

गिधाड क्रमांक एक आले हो!

व्हीयू_मीटर | सोमवार, रात्री ११:१८

गिरणगावकर, आधी हात जोडून एक विनंती : काहीही प्लगला लावू नका. "जरा चालतंय का बघू" म्हणून लोक बटण दाबतात आणि मग धूर.

धुराचं कारण सांगतो. बी ७७ मध्ये मेनच्या बाजूला पिवळट पारदर्शक आवरणाचे रिफा कंपनीचे कागदी कॅपॅसिटर असतात. वयोमानाने त्या आवरणाला बारीक चिरा जातात, त्यातून दमट हवा आत शिरते, आणि बऱ्याच वर्षांनी वीज मिळाली की कॅपॅसिटर फुटतो. घरभर असा वास सुटतो की शेजारी दार ठोठावतात. मशीन बहुतेक वेळा वाचतं, पण नशिबावर कशाला सोडायचं? मागचं झाकण काढून हे कॅपॅसिटर आधी बदलून घ्या, लॅमिंग्टन रोडला मिळतील. मग व्हेरिअॅक लावून व्होल्टेज हळूहळू चढवायचं. टेप पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर चिकट झालं असेल तर तोही बदला, नाहीतर पहिल्याच टेपला गिळेल. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरच्या आत तर बोटसुद्धा घालू नका. बंद असला तरी त्यातले कॅपॅसिटर धक्का देऊ शकतात.

आता माईक. यू ८७ न्यूमनने १९६७ साली काढला. त्याआधीचा १९६० चा यू ६७ व्हॉल्व्हवर चालायचा, त्याला वेगळा पॉवर सप्लाय लागायचा, जाड केबल लागायची. यू ८७ मध्ये व्हॉल्व्हच्या जागी एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आला आणि मिक्सरकडून साध्या माईकच्या केबलमधूनच ४८ व्होल्ट पुरवायची सोय झाली. याला फँटम पॉवर म्हणतात. हा ४८ चा आकडा कुठून आला त्याचा किस्सा मजेदार आहे. १९६६ साली न्यूमनची माणसं नॉर्वेच्या रेडिओकडे नवे ट्रान्झिस्टर माईक घेऊन गेली होती. तिथल्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाईन आधीपासून फिरवलेली होती, तीच वापरली. उत्तर ध्रुवाकडच्या काळोख्या हिवाळ्यासाठी ओढलेली वायर, आणि आज वसईच्या भजनी मंडळाच्या मिक्सरवरही '+४८' चं लाल बटण असतं.

तुमचा माईक जुना यू ८७ की १९८६ पासूनचा यू ८७ एआय, हे बघायला हवं. जुन्यात बॅटरीवर चालवायची सोय होती, २२.५ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आत बसायच्या. एआयमध्ये ती काढली आणि आतल्या सर्किटने कॅप्सूलला (आवाज पकडणाऱ्या भागाला) ६० व्होल्ट द्यायला सुरुवात केली, म्हणून तो जास्त जोरात वाजतो. दोन्ही चांगले, पण दोघांच्या आवाजाची जात वेगळी आणि भावही वेगळा.

नकलीही भरपूर फिरतात. माईक हातात घ्या. अस्सल यू ८७ अर्धा किलो भरतो, आत आऊटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. हातात पोकळ वाटला तर संशय घ्या. पण जाळी उघडून कॅप्सूलला बोट लावू नका, फुंकर तर अजिबात मारू नका. ती काही मायक्रॉनची, सोन्याचा थर दिलेली फिल्म आहे.

मैथिली_ठाणे | मंगळवार, सकाळी ८:३१

वाचतेय. माहितीपूर्ण. पण एक बाळबोध शंका. जुना माईक एवढा महाग का? टीव्ही जुना झाला की फुकट देतो आपण. मग माईक आणि कॅमेऱ्याच्या लेन्सच का चढतात?

प्लगइनपंथी | मंगळवार, सकाळी ९:१२

मैथिली, कारण दाढीवाल्या मंडळींना भूतकाळ विकत घ्यायचा असतो. :)

गंमत सोडा, पण मीरा रोडला माझा बेडरूम स्टुडिओ आहे आणि त्यावर पोट चालतं. फेअरचाइल्ड ६७० नावाचा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबून आटोक्यात ठेवणारं यंत्र, लोक त्याची पूजा करतात. आत वीस व्हॉल्व्ह, वजन तीसेक किलो. मुंबईत तो चालवायचा तर एसी दिवसभर, व्हॉल्व्ह गेला तर परदेशातून मागवा, आणि पावसाळ्यात 'हम' कुठून येतोय हे शोधत बसा. तोच माझ्या लॅपटॉपमध्ये प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रूपात, एका पिझ्झाच्या किमतीत आहे, आणि एकाच वेळी चाळीस ट्रॅकवर लावता येतो. आंधळी चाचणी घेतली तर शंभरातले नव्वद जण फरक ओळखू शकणार नाहीत. ज्यांना जुन्या लोखंडाची हौस आहे त्यांनी ती जरूर करावी, पण 'तो आवाज पुन्हा होणे नाही' हे गाणं बंद करा.

गिरणगावकर, माझं स्पष्ट मत : विका आणि मामांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करा.

शेंगदाणा | मंगळवार, सकाळी ९:२०

नव्वद जण ओळखणार नाहीत, ही आकडेवारी कोणत्या पिझ्झाबरोबर आली?

प्लगइनपंथी | मंगळवार, सकाळी ९:२४

चीज बर्स्ट.

व्हीयू_मीटर | मंगळवार, दुपारी १:४०

प्लगइनपंथी, कॉम्प्रेसरबाबत तुमच्याशी बऱ्यापैकी सहमत. सर्किट गणितात बसवता येतं, आणि आता ते छान बसवलं जातं. तरी काही गणितं अवघड असतात. एलए-२ए हा जुना कॉम्प्रेसर घ्या. आवाज मोठा झाला की आतला एक छोटा प्रकाशपट उजळतो, समोरच्या फोटोसेलचा रोध कमी होतो आणि आवाज दबतो. प्रकाश विझला तरी सेल लगेच सावरत नाही. आधी किती वेळ, किती जोरात उजेड पडला होता त्यावर सावरण्याचा वेग ठरतो. गाणाऱ्याचा आवाज त्यातून गुळगुळीत निघतो तो या आळशीपणामुळे. हेही आता सॉफ्टवेअरमध्ये जमतं.

पण माईक प्लगइनच्या आधी येतो. त्याने जे पकडलं नाही ते नंतर कुठून आणणार? मैथिली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. टीव्हीत सुधारणा होत गेली. मोठ्या कॅप्सूलच्या कंडेन्सर माईकचं मूळ गणित मात्र १९५०-६० च्या दशकातच पक्कं झालं आणि त्यातले काही भाग पुढे मिळेनासे झाले.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूमनच्या यू ४७ चं. १९४९ चा माईक. त्यात टेलिफुंकनचा व्हीएफ १४ नावाचा धातूच्या कवचाचा व्हॉल्व्ह होता. त्याचा हीटर ५५ व्होल्टचा, पण न्यूमनने तो ३६ च्या आसपास, उपाशी चालवला. टेलिफुंकनने व्हॉल्व्हचं उत्पादन थांबवलं, साठा संपत आला आणि माईकही बंद करावा लागला. आता चांगला व्हीएफ १४ म्हणजे नुसत्या व्हॉल्व्हलाच बऱ्या सेकंडहँड मोटरसायकलएवढे पैसे. त्या काळच्या कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा, तो वयाने कडक होऊन तडकतो. म्हणजे दरवर्षी जगातले चालू यू ४७ कमीच होत जाणार. भाव वाढेल नाहीतर काय?

यू ८७ त्या मानाने बराच जास्त बनला, आजही बनतो. गिरणगावकर, तुमच्या माईकचा आकडा लाखांत असेल, पण कोणी 'खजिना सापडला' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. चोरबाजारातला आकडा तर त्याहून कमी विश्वासाचा.

रेडिओवेडा | मंगळवार, रात्री १०:५५

धागा भारी. सगळे परदेशी डब्यांबद्दल बोलताहेत, जरा मुंबईबद्दल बोलू.

जुन्या हिंदी-मराठी सिनेमांच्या श्रेयनामावलीत 'आर.सी.ए.' किंवा 'वेस्ट्रेक्स' असं लिहिलेलं असतं ना? ती ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांची नावं. तेव्हा आवाज टेपवर नव्हे, ३५ मिमी फिल्मवर प्रकाशाने उमटवत. आर.सी.ए.च्या पद्धतीत गॅल्व्हानोमीटरचा आरसा थरथरायचा आणि कमी-जास्त रुंदीचा पट्टा उमटायचा. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीत लाईट व्हॉल्व्हच्या फटीतून जाणारा उजेड बदलायचा आणि फिकट-गडद रेषा उमटायच्या.

यातली खरी अडचण अशी की फिल्म प्रयोगशाळेत धुतल्याशिवाय काय रेकॉर्ड झालं ते ऐकताच यायचं नाही. पन्नास वादक, गायिका, कोरस, सगळे एकाच वेळी एकाच हॉलमध्ये. शेवटच्या अंतऱ्यात एका व्हायोलिनने चूक केली की पुन्हा पहिल्यापासून. आणि रेकॉर्डिस्टचा निर्णय तिथल्या तिथे, कानावर. ताडदेवच्या फेमसला मिनू कात्रक, वांद्र्याच्या मेहबूबला रॉबिन चॅटर्जी, राजकमलला री-रेकॉर्डिंगचे (संवाद, गाणी, पार्श्वसंगीत एकत्र जुळवण्याचे) मंगेश देसाई, ही माणसं पडद्यावर एका ओळीत येतात आणि जातात. त्यांच्यासमोर होतं ते एक सुई हलणारं मीटर आणि मोजके माईक. आज चाळीस ट्रॅक लावणाऱ्यांनी ( :) ) हे आठवावं.

त्याहूनही मागे जायचं तर 'आलम आरा'. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकला लागला. त्यात तानार नावाचं यंत्र होतं, चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना खेटून, म्हणून चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर. मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास लोकलच्या वेळापत्रकापासून सुरू होतो असं म्हणायला हरकत नाही.

शेंगदाणा | मंगळवार, रात्री ११:०१

म्हणजे मेगाब्लॉकचा सदुपयोग करणारे पहिले मुंबईकर.

खरखर | बुधवार, सकाळी ७:१५

रेडिओवेडा, उत्तम. एक पुरवणी. सिनेमाबाहेरही मुंबईत हा उद्योग होता. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीचं 'यंग इंडिया' हे लेबल इथलंच, १९३५ ते १९५५. वडाळ्याला त्यांच्या तबकड्या छापल्या जायच्या. एचएमव्हीला परवडले नसते असे कितीतरी मराठी गायक, कीर्तनकार, हौशी कलाकार त्यांनी रेकॉर्ड केले. मी या तबकड्या गोळा करतो, म्हणून सांगतो : तबकड्या सापडतात, पण ज्या यंत्रांवर त्या कोरल्या त्यातलं एकही मला आजवर बघायला मिळालेलं नाही. लोखंड, तांबं, पितळ वेगळं करून किलोवर गेलं.

प्लगइनपंथींचा 'विका' हा सल्ला मला पटत नाही. विकलेला माईक परदेशात जातो आणि परत येत नाही. इथल्या पुढच्या पिढीने बघायचं काय, फोटो?

प्लगइनपंथी | बुधवार, सकाळी ९:३०

खरखर, आदर आहे. पण कपाटात ठेवलेला माईक कोण बघणार आहे? वापरणाऱ्याकडे गेला तर निदान गाईल तरी.

दीपा_दादर | बुधवार, दुपारी ३:२०

मी इथे सहसा वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शाळेत असताना मी आणि माझी बहीण जाहिरातींच्या कोरसला जायचो. दादरच्या आमच्या गाण्याच्या बाईंना फोन यायचा, "चार मुली पाठवा, दोन किनऱ्या." किनऱ्या म्हणजे आम्ही. फोर्टात एका इमारतीत लिफ्टने वर गेलं की जाड दार, आत थंडगार. मधोमध एकच माईक, उलटा टांगलेला.

रेकॉर्डिस्ट काका काचेपलीकडून बाहेर यायचे. खिशात खडू. आम्हाला गायला लावून जमिनीवर रेघा मारायचे. "तू इथे. तू अर्धं पाऊल मागे. तू आणखी मागे, आणि तोंड भिंतीकडे." ते भिंतीकडचं तोंड माझं. मिक्सरवरचं एकही बटण न हलवता ते माणसं हलवून आवाज जुळवायचे. मग टॉकबॅकवरून, "निळा फ्रॉक, श्वास मोठा घेतेस, मान वळवून घे." आमच्यातली एक रडकुंडीला यायची, तिला आधी लिम्लेटची गोळी. मानधनाचं पाकीट मात्र बाईंकडे जायचं आणि बसभाड्यापुरतं उतरून आमच्याकडे यायचं, त्याबद्दल अजून राग आहे!

त्यामुळे माईक जुना की नवा यावर तुमचं चालू द्या. त्या काकांचा खडू कुठल्या प्लगइनमध्ये मिळतो ते सांगा.

मैथिली_ठाणे | बुधवार, दुपारी ३:४४

दीपाताई, दंडवत. असंच लिहीत राहा.

प्लगइनपंथी | बुधवार, दुपारी ४:०२

निरुत्तर. खडूबाबत शरणागती. बाकी मुद्द्यांवर लढाई चालू राहील.

शेंगदाणा | बुधवार, संध्याकाळी ६:१०

कोणीतरी इकोबद्दल सांगा. जुन्या गाण्यांत गायिका दरीत उभी असल्यासारखा आवाज येतो, तेव्हा काय संगणक होते? आमच्या चाळीच्या जिन्यात मी गातो तेव्हा तसाच येतो, फक्त शेजारी वेगळं म्हणतात.

व्हीयू_मीटर | बुधवार, रात्री १०:३३

शेंगदाणा, तुम्ही परंपरेतच आहात. १९४७ साली शिकागोत बिल पुटनमने स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माईक ठेवून गाण्याला घुमारा दिला होता. (याच पुटनमने पुढे ११७६ हा कॉम्प्रेसर केला.) मोठे स्टुडिओ त्यासाठी रिकामी, गुळगुळीत भिंतींची खोलीच राखून ठेवायचे.

मग १९५७ साली जर्मनीच्या ईएमटीने 'प्लेट' काढली. लाकडी पेटाऱ्यात साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कोपऱ्यांतून ताणून टांगलेला. एका टोकाला आवाज देऊन पत्रा थरथरवायचा, दुसरीकडे पिकअपने तो पकडायचा. वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. खोलीभर जागा घेणारी गोष्ट पेटाऱ्यात आली म्हणून लोक तेव्हा खूश होते! मुंबईतल्या लिफ्टमध्ये ती बसणार नाही, जिन्याने नेणारे हमाल आता मिळणार नाहीत. म्हणून इथे कोणाकडे निघालीच तर तिथेच मरते.

जाता जाता : आपल्याकडे जुनी यंत्रं इतकी वर्षं का टिकली? आयात परवाने आणि परकीय चलनाच्या भानगडीत नवं मशीन मागवणं म्हणजे लग्न ठरवण्यापेक्षा अवघड. म्हणून एकेक ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यायचा, हेड घासून घासून वापरायचा. नव्वदीत आयात सुटली, डिजिटल आलं, आणि इतकी वर्षं जपलेलं सगळं बघता बघता भंगारात गेलं.

कपाटातली_फीत | गुरुवार, सकाळी १०:०८

उशिरा आले. टेप डिजिटाइज करणं हेच माझं काम आहे, म्हणून सगळा धागा वाचताना हात शिवशिवत होते. इतक्या प्रतिसादांत त्या ढीगभर स्पूलबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही!

गिरणगावकर, त्या व्यापाऱ्याने जे 'फेंक देना' म्हटलं तेवढंच एक सामान जगात दुसरीकडे कुठेही नाही. यू ८७ हजारो आहेत. 'चहा, ३० सेकंद, टेक ४' एकच आहे. तेव्हा आधी टेप, मग बाकीचं.

स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती अॅसिटेटची टेप, नाही दिसला तर पॉलिएस्टरची. अॅसिटेटची तुटते ती स्वच्छ, काडीसारखी, आणि जोडता येते. पॉलिएस्टरची ताणली जाते, आणि ताणलेला आवाज परत येत नाही. खोक्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर अॅसिटेट सडायला लागलंय, ती खोकी लगेच वेगळी करा.

दुसरा आजार सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या टेपचा, विशेषतः अँपेक्स ४५६ सारख्या, ज्यांच्या पाठीलाही काळा थर असतो. चुंबकीय पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतलं पाणी शोषतो. मुंबईत पाणी शोषायला काय कमी? मग टेप वाजवताना हेडला चिकटते, किंचाळते, तपकिरी राळ सोडते. अशी टेप नियंत्रित उष्णतेवर, ५० ते ५५ अंशांवर, काही तास ठेवली की तात्पुरती बरी होते आणि तेवढ्यात उतरवून घ्यायची. हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका. आणि अॅसिटेटची टेप तर कधीच भाजायची नाही.

मशीनचं हेड हाफ ट्रॅक की क्वार्टर ट्रॅक, म्हणजे टेपच्या रुंदीचा अर्धा भाग वाचतं की पाव, तेही बघा. बी ७७ दोन्ही प्रकारांत आणि वेगवेगळ्या वेगांची यायची. मामांनी याच मशीनवर रेकॉर्ड केलं असेल तर तेच मशीन त्या टेपसाठी सगळ्यात योग्य. म्हणून टेप उतरेपर्यंत रेव्हॉक्स विकू नका, कोणी कितीही देवो.

खरखर | गुरुवार, सकाळी १०:२५

+१००. हेच म्हणायला हवं होतं आणि आम्ही माईकच्या मागे धावत होतो.

शेंगदाणा | गुरुवार, सकाळी १०:३१

काकड आरती भाजायची नाही, नोंद घेतली.

कायद्याचं_बोला | गुरुवार, दुपारी १२:५०

उतरवा, पण सरळ यूट्यूबवर चढवू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पैसे घालून रेकॉर्ड करवून घेतलं त्याचा, आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. मामा भाड्याने स्टुडिओ देत असतील तर हक्क बहुधा त्यांचा नाही. घरी जपून ठेवायला कोणी आडवं येणार नाही.

गिरणगावकर | रविवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार, विशेषतः व्हीयू_मीटर काकांचे. ते स्वतः शनिवारी प्रभादेवीला आले. (अर्धवट, तुमचे सातही व्यनि वाचले, उत्तर खाली आहे.)

काकांनी बी ७७ चं झाकण काढलं. रिफाच्या आवरणावर खरंच जाळीसारख्या चिरा. ते बदलले, रोलर बदलला, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर कापूस तांबूस. मग व्हेरिअॅक. अर्ध्यावर आलं तसे मीटरचे दिवे लागले. काकांनी आधी एक कोरी टेप फिरवली, ती नीट फिरल्यावर 'चहा' लावला. आवाज थोडा बुडालेला, पण अख्खा. मामांना व्हिडिओ कॉल करून ऐकवला. मला वाटलं गहिवरतील. ते म्हणाले, "हा चौथा टेक नाही, पाचवा आहे. चौथ्यात ढोलकी पडली होती. आणि तो उजवा चॅनेल बघ आधी, हेड तिरका झालाय." काकांनी स्क्रूड्रायव्हरने अॅझिमथ, म्हणजे हेडचा कोन, जुळवला आणि झांज एकदम मोकळी झाली. त्यानंतर मामा आणि काका तासभर बोलत होते, मी फक्त फोन धरून उभा.

माईकमध्ये बॅटरीची जागा आहे, म्हणजे जुना यू ८७. पण पावसाळ्याच्या दमट हवेने कॅप्सूल फडफडते आहे, काका म्हणाले सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवून बघू, नाहीतर कॅप्सूलचं काम काढावं लागेल. मामांचा हिशोब सरळ आहे : माईक विकायचा, त्या पैशांतून टेप उतरवायच्या. खरखर, तुमचं ऐकवलं त्यांना. म्हणाले, इथेच कोणी गाण्यासाठी घेणारा असेल तर पाचपन्नास हजार कमी घेईन, शोकेसवाल्याला एक रुपया कमी नाही. अर्धवट, तुम्ही गाता का?

अर्धवट | रविवार, रात्री ८:२२

नाही, पण शिकीन.

खरखर | रविवार, रात्री ८:४०

मामांना नमस्कार सांगा. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण या अटीवर भांडणारही नाही. बिननावाच्या अॅम्प्लिफायरचं काय झालं?

व्हीयू_मीटर | रविवार, रात्री ९:१०

तो इथेच कोणीतरी हाताने बांधलेला आहे. चासी पत्र्याची, ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला, वायरिंग मात्र कुठल्याही कारखान्याला लाजवेल असं, मेणदोऱ्याने बांधलेलं. बाजारात किंमत शून्य. मी मागून घेतलाय.

प्लगइनपंथी | रविवार, रात्री ९:१५

गिधाड क्रमांक दोन! :) गिरणगावकर, टेप उतरवताना लॅपटॉप, इंटरफेस आणि हमाली माझ्याकडून. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. फुकट. फक्त त्या पाचव्या टेकची ढोलकी मला एकदा एकटी ऐकायचीय.

कपाटातली_फीत | रविवार, रात्री ९:५२

छान. काम सुरू करण्याआधी एक लक्षात ठेवा. वाजवून झाल्यावर टेप भरभर रिवाइंड करून ठेवू नका. सावकाश शेवटापर्यंत वाजू द्या आणि शेवटचं टोक बाहेर राहील अशीच ठेवा. गुंडाळीतल्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर अंधूकसा उमटतो. सुरुवात बाहेर ठेवली तर तो मूळ आवाजाच्या आधी ऐकू येतो, गायिका गायच्या आधीच तिचं भूत गातं. शेवट बाहेर असला तर तो मागून येतो आणि खऱ्या आवाजाच्या घुमाऱ्यात लपून जातो. खोक्यावर तसं लिहून ठेवा. स्पीकरजवळ ठेवू नका, पोटमाळ्यावर तर नकोच. आणि डांबरगोळ्या घालायचा मोह आवरा, सिलिका जेल पुरे.

गिरणगावकर | रविवार, रात्री १०:०४

डांबरगोळ्या मामींनी आजच घातल्यात. काढतो.